स्पीकर घेताना नुसतं ‘किती वॅट?’ विचारू नका

आज वॉर्डातले खड्डे नाहीत, पाणी नाही, निवडणूक नाही. आज स्पीकर.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारं कुणी आहे, आणि ज्यांच्या खिडकीखाली वर्षातून चार वेळा मंडप पडतो, अशा दोघांच्याही कामाची आहे. बोरिवली ते अंधेरी आणि मुलुंड ते घाटकोपर, आपल्याकडची बहुतेक घरं या दोनपैकी एका गटात येतात. काही घरं दोन्ही गटांत येतात. माझ्या बहिणीचं घर त्यातलंच.

भाचा चोवीस वर्षांचा. दिवसा अंधेरीला नोकरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार. बारसं, लग्नाचं संगीत, सोसायटीचा गणपती, कोजागिरी, ३१ डिसेंबर. सुपारी येईल तिथे जातो. पाकीट फार मोठं नसतं, पण घराला हातभार लागतो. त्याच्याकडे गिटारचा डिजिटल प्रोसेसर आहे, पण स्वतःचा स्पीकर नाही. जिथे जाईल तिथला साऊंडवाला जो उरलेला मॉनिटर देईल त्यातून स्वतःला ऐकायचं. कधी ऐकू येतं, कधी येत नाही. दीड वर्षात चाळीस हजार साठवले आणि ठरवलं की आता स्वतःचा बॉक्स घ्यायचा.

ओळखीच्या एका साऊंडवाल्याने सल्ला दिला, “घ्यायचाच तर पंधरा इंची घे, दोन हजार वॅट. पुढे भाड्यानेही देता येईल.” भाचा खूश. ताईचा मला फोन. “तूच समजाव रे त्याला. दोन खोल्यांचं घर, आत सासूबाई झोपलेल्या असतात, भिंतीपलीकडच्या काकांची बायपास झालीय. हा त्यात दोन हजार वॅट आणून काय करणार आहे?”

मी मूळचा चिपळूणचा. डिप्लोमा करून तिथल्या साप्ताहिकात लागलो, मग इकडे आलो. कॉलेजात रिदम गिटार वाजवायचो, त्यामुळे विषय अगदीच परका नाही. आणि आवाजाच्या तक्रारी, परवानग्या, कोर्टाचे आदेश यांच्या बातम्या कित्येक वर्षं करतोय. मामा म्हणून आणि बातमीदार म्हणून, दोन्ही बाजूंनी मी यात पडलो. तीन आठवडे माहितीपत्रकं वाचली, दुकानं फिरलो, भाच्याबरोबर भांडलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी हा डिजिटल प्रकार काय आहे ते

पूर्वी गिटारची वायर थेट गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जायची. त्या अ‍ॅम्प्लिफायरचा आणि त्याच्या स्पीकरचा स्वतःचा एक आवाज असायचा, आणि तो आवाज हाच अर्धा वाद्याचा गुण. स्टुडिओत त्या स्पीकरसमोर माइक लावून रेकॉर्डिंग व्हायचं.

डिजिटल प्रोसेसर हे सगळं गणिताने करतो. लाइन सिक्सचा पॉड १९९८ मध्ये आला, फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स २००६ मध्ये, लाइन सिक्सचाच हेलिक्स २०१५ मध्ये. आता तर परवडणाऱ्या किमतीतही असे प्रोसेसर मिळतात. अ‍ॅम्प्लिफायर कोणता, त्याचं स्पीकर कॅबिनेट कोणतं, त्यासमोर माइक कसा ठेवलाय, याची नक्कल त्या पायाजवळच्या पेटीतच होते. म्हणजे प्रोसेसरमधून बाहेर पडतो तो रेकॉर्डिंगसारखा तयार आवाज.

आता हा तयार आवाज जर तुम्ही परत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोडलात, तर त्यावर दुसऱ्यांदा कॅबिनेटचा रंग चढतो. साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर. म्हणून अशा प्रोसेसरला लागतो फुल-रेंज पॉवर्ड स्पीकर. फुल-रेंज म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या झांजेपर्यंत सगळं वाजवणारा, आणि शक्यतो स्वतःचं काही न मिसळणारा. पॉवर्ड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच.

आकड्यात सांगायचं तर गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. गिटारचा नेहमीचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो. फुल-रेंज स्पीकर साधारण २०,००० पर्यंत जातो. म्हणूनच प्रोसेसरमधली कॅबिनेटची नक्कल बंद ठेवून फुल-रेंजवर डिस्टॉर्शन वाजवलं तर मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज येतो. स्पीकर खराब नसतो, जे आत आहे ते तो प्रामाणिकपणे बाहेर काढत असतो. दुकानात ‘हा बॉक्स कर्कश आहे’ म्हणून परत ठेवण्याआधी ती नक्कल चालू आहे का, एवढं बघा.

बाजारात दोन जाती आहेत. एक, खास गिटार प्रोसेसरसाठी म्हणून विकले जाणारे, जसे हेडरशचे आठ इंची आणि बारा इंची बॉक्स, किंवा लाइन सिक्सचा पॉवरकॅब, जो सपाटही वाजतो आणि हवं तर निरनिराळ्या गिटार स्पीकरची नक्कलही करतो. दुसरी, साधे पीएचे पॉवर्ड बॉक्स. यामाहा, जेबीएल, ईव्ही, क्यूएससी, आल्टो वगैरे. सभेला, भजनाला, ऑर्केस्ट्राला हेच वापरतात. काम दोन्हींनी होतं. दुसऱ्या जातीवर गायकाचा माइकही चालतो, ढोलकीही चालते. ज्याचं पोट निरनिराळ्या कार्यक्रमांवर आहे त्याने याचा विचार करावा.

दोन हजार वॅटचं गौडबंगाल

आपल्या घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. व्होल्टेज २३०. गुणाकार करा, १,३८० वॅट. मग त्या प्लगवर चालणारा बॉक्स सतत दोन हजार वॅट कुठून देणार? देतच नाही. तो आकडा ‘पीक’चा असतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंतच्या झटक्याचा. बॉक्सच्या पाठीमागे वीज किती खातो तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. बऱ्याचदा काहीशे वॅट किंवा त्याहून कमी निघतो.

आणि समजा वॅट खरे असले तरी? वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबल वाढतो. ५०० वॅटच्या आणि १,००० वॅटच्या बॉक्समध्ये बाकी सगळं सारखं असेल तर फरक ३ डेसिबलचा. आपल्या कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. आता विचार करा, वॅटमागे पळून किती पैसे टाकले आणि काय मिळालं.

विचारायचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती डेसिबल, एक मीटरवर. या वर्गातल्या बहुतेक बॉक्सच्या माहितीपत्रकात तो १२० च्या पुढे असतो. तोही पीकचाच असतो बहुधा, पण तुलनेला बरा.

आणि इथे कायदा येतो

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ५५ नव्हे, ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा हद्दीवर ६५. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात यावर सविस्तर बोट ठेवलं.

आता भाच्याला कागदावर मांडून दाखवलेला हिशेब तुम्हालाही दाखवतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. एक मीटरवर ११० असेल तर २ मीटरवर १०४, ४ वर ९८, ८ वर ९२, १६ वर ८६, ३२ मीटरवर ८०. बत्तीस मीटर म्हणजे काय? आपल्याकडे सोसायटीच्या स्टेजपासून समोरच्या बिल्डिंगची खिडकी त्याच्याही अलीकडे असते. तिथे ८०. आणि हे मोकळ्या मैदानाचं गणित आहे. दोन बिल्डिंगच्या मधल्या बोळात आवाज भिंतींवर आपटत राहतो, इतकाही कमी होत नाही.

उलटं करून बघा. हद्द स्टेजपासून १६ मीटरवर आहे आणि तिथे ६५ हवेत. तर एक मीटरवर किती चालेल? ८९. गाण्यात अधूनमधून उसळी असते, ती सरासरीच्या दहा-पंधरा डेसिबल वर जाते असं धरा, म्हणजे १०४. झालं. १२० च्या पुढचा बॉक्स घेऊन तुम्ही जास्तीत जास्त इथपर्यंतच येणार. आणि तेही एकट्या गिटारला नाही. गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, साऊंडवाल्याचे बॉक्स, सगळं मिळून.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “मामा, पण कायदा पाळतंय कोण?”

प्रश्न बरोबर आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की पाळत नाहीत ते बॉक्स कमी पडतो म्हणून नव्हे. तुझा बॉक्स तू ज्या आवाजात दहापैकी नऊ वेळा वाजवणार आहेस त्या आवाजात चांगला वाजतो का, ते बघ. शेवटच्या टोकाला कसा वाजतो ते बघण्यात काय अर्थ आहे?

कानांचा हिशेब वेगळा

हे कायद्यापेक्षा महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचं, नायोशचं, प्रमाण असं आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमाच्या जागांसाठी जे प्रमाण दिलं त्यातही वरची मर्यादा १०० डेसिबलच आहे, १५ मिनिटांच्या सरासरीने.

भाच्याचा कार्यक्रम चार तासांचा. म्हणजे त्याच्या कानाला ८८ परवडतात. तो मात्र दोन बॉक्सच्या मधे, ऑक्टोपॅडच्या मॉनिटरला चिकटून उभा असतो. परवाच म्हणत होता की कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिटी वाजते. ही शिटी हळूहळू कायमची राहते आणि तिच्यावर गोळी नाही. चोविसाव्या वर्षी ज्याचा कान गेला त्याने चाळिसाव्या वर्षी वाजवायचं काय?

आणि यातच स्वतःचा स्पीकर घेण्याचं खरं कारण आहे. स्टेजवर आवाज का चढत जातो? गिटारवाल्याला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, मग कीबोर्डवाल्याला ऐकू येत नाही, मग गायक ओरडतो. स्वतःचा छोटा बॉक्स कानाच्या दिशेने, दीड-दोन मीटरवर ठेवला की कमी आवाजात नीट ऐकू येतं आणि स्टेज शांत राहतं. लोकांना ऐकवायचं काम साऊंडवाल्याच्या बॉक्सचं. त्यासाठी बॉक्सला मागे लिंक किंवा थ्रू असं आउटपुट असतं, त्यातून मिक्सरला वायर जाते. ते आहे का, ते विकत घेण्याआधी बघा.

मग बघायचं काय?

एक, आकार. आठ इंची घरात आणि छोट्या हॉलला पुरतो. बारा इंचीत खालचा सूर भरदार, पण वजन वाढतं. भाचा घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जातो, कधी दादरला बदलून बोरिवली. पाठीवर गिटार, एका हातात प्रोसेसरची बॅग. लगेजच्या डब्यात संध्याकाळी सातला सोळा-सतरा किलोचा बॉक्स घेऊन चढून दाखवा. दर वेळी टेम्पो केला तर पाकिटातलं उरणार काय? आम्ही दहा इंचीवर आलो. दहा-अकरा किलोच्या आसपास.

दोन, कमी आवाजात ऐका. दुकानदार पहिल्यांदा फुल आवाजात वाजवून दाखवतो, छाती हादरते, आपण भुलतो. त्याला सांगा, आपण दोघं बोलू शकू इतक्याच आवाजात वाजव. त्यात तारा वेगळ्या ऐकू येतात का? मग रोजच्या ऐकण्यातलं एखादं मराठी गाणं लावा. गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर गिटारही तशीच येणार.

तीन, काहीही न वाजवता ऐका. बॉक्स चालू, वायर काढलेली. सूंऽ असा आवाज किंवा पंख्याची घरघर किती? दोन खोल्यांच्या घरात रात्री हीच नडते.

चार, स्वतःची गिटार आणि स्वतःचा प्रोसेसर घेऊन जा. दुकानातल्या गिटारवर ठरवू नका. इनपुटचं बटण माइकवर नसून लाइनवर आहे ना, हेही बघा.

पाच, खालचा आवाज कापायची सोय. गिटारला ८० हर्ट्झच्या खाली काही नसतं. तिथे जे वाजतं ती निव्वळ धडधड, आणि तीच भिंतीतून शेजाऱ्याकडे जाते. प्रोसेसरमध्ये किंवा बॉक्सवर ‘लो कट’ असतो, तो ८० ला लावून टाका. इथे एक गंमत सांगतो. नियमातले डेसिबल ‘ए’ मापाने मोजतात. ते माप माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरतं, ५० हर्ट्झला तर जवळजवळ ३० डेसिबलने कमी. म्हणून डीजेच्या बेसने खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि मीटरवरचा आकडा मात्र तेवढा वाढत नाही. तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘आजोबा, मीटर तर ठीक दाखवतोय’ असं सांगितलं जातं. आजोबा खोटं बोलत नसतात.

सहा, घरी हेडफोनवर रात्री बनवलेला आवाज स्टेजवर तसाच येणार नाही. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मग स्टेजवर नुसता गोंगाट. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. उपाय एकच, तासावर मिळणारी जॅमरूम घ्या आणि कार्यक्रमाच्या आवाजात एकदा सगळं बसवा. बॉक्स जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवला की बेस आणखी वाढतो, हेही तिथेच कळतं.

सात, आणि हे पैशाचं नाही, जिवाचं आहे. अर्थिंग. मंडपात वायर ओढलेली, पावसाने जमीन ओली, बॉक्समधून हम्म आवाज येतोय, आणि कुणीतरी शहाणा सांगतो, “तिसरी पिन काढून टाक, बंद होईल.” बंद होतं खरं. पण गिटारच्या तारा धातूच्या, त्या वायरमार्गे सगळ्या यंत्रणेला जोडलेल्या, आणि समोर गायकाच्या ओठाला माइक. मध्ये कुठे वीज उतरली तर ती जाणार माणसातून. हम्म घालवायला बॉक्सवर किंवा प्रोसेसरवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या वायरीचा अर्थ तोडतं, विजेचा नाही. तेच वापरा. पिन कापलेली वायर दिसली तर वाजवायला उभं राहू नका. सुपारी गेली तरी चालेल. भाच्याकडून मी हे वदवून घेतलंय.

आता सार्वजनिक मुद्दा

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवासी संघटनांची याचिका होती. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, पोलिसांनी तक्रारदाराचं नाव उघड न करता कारवाई करावी, हे मुद्दे तेव्हा खूप गाजले. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवून टाकण्याचा विचार सरकारने करावा, असं न्यायालयाने म्हटलं.

हे स्वप्नरंजन नाही. आजच्या बहुतेक पॉवर्ड स्पीकरमध्ये लिमिटर असतोच. आवाज एका टोकापलीकडे गेला की तो आपोआप दाबतो. फक्त तो स्पीकरचा कोन फाटू नये म्हणून लावलेला असतो, आपला कान फाटू नये म्हणून नाही. तंत्र तयार आहे, ते आपल्या बाजूने वळवायचं बाकी आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? मला तीन गोष्टी दिसतात.

मंडळांनी आणि सोसायट्यांनी साऊंडवाल्याच्या पावतीवर ‘किती बॉक्स, किती वॅट’ लिहून घेण्याऐवजी ‘हद्दीवर किती डेसिबल’ लिहून घ्यावं. साऊंडचेकच्या वेळी गेटवर उभं राहून मोजावं. मोबाइलचं अ‍ॅप कोर्टात चालणार नाही, पण ६५ आणि ८५ मधला फरक ते नक्की सांगतं.

वाजवणाऱ्यांनी आपला बॉक्स आपल्यासाठी घ्यावा, गल्लीसाठी नाही. रात्री घरी हेडफोन. घरातल्या आवाजालाही नियम आहे, हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबल जास्त, त्यापुढे नाही.

तिसरी गोष्ट महापालिकेची. बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, मुलुंडला कालिदास, पार्ल्यात दीनानाथ. कार्यक्रम करायला जागा आहेत. तालीम करायला? उपनगरात दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या पोराने गिटार, ढोलकी, बेंजो वाजवायचा कुठे? महापालिकेच्या समाजकल्याण केंद्रांतली एखादी खोली, दाराला रबर, भिंतीला जाड पडदे, तासाला परवडेल असं भाडं. प्रत्येक वॉर्डात एक. निवडणुकीला उमेदवार दारात येतात तेव्हा हे विचारा. शांतता मागणाऱ्यांनी आणि वाजवणाऱ्यांनी, दोघांनी मिळून मागावं असं हे एकच काम मला दिसतं.

भाच्याने दहा इंची घेतला. चाळीस हजारांत बसला, वर बऱ्यापैकी वायर आणि पावसाचं कव्हर आलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात नको. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र घेतलंय, तेवढं तुम्हीही घ्या. दोन कार्यक्रम झाले, कानातली शिटी कमी आहे म्हणतो. एका ठिकाणी आयोजकाने “एवढासाच बॉक्स?” म्हणून तोंड वाकडं केलं आणि पुढच्या सुपारीला दुसऱ्याला बोलावलं. ते त्याला लागलंय. मला त्याला काय सांगायचं ते नीट सुचलं नाही. मोठा आवाज म्हणजे मोठा कलाकार, असं जोवर बुकिंग करणारे समजतात तोवर अशा पोरांना हा फटका बसणार.

म्हणून बुकिंग करणाऱ्यांनाच सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळजण ही पोस्ट वाचताय, मंडळांवर आहात, सोसायटीच्या कमिटीवर आहात. यंदा कलाकार बोलावताना त्याचा बॉक्स किती मोठा ते बघू नका. त्याला पाच मिनिटं वाजवायला सांगा, आणि कमी आवाजात.